जुन्या जीपच्या मागील आसावर घट्ट बसलेला हब कसा काढावा

मराठवाड्यातील गावांत एखाद्या वाड्याच्या पडवीत किंवा मळ्यातील लिंबाखाली अधूनमधून जुनी जीप उभी असलेली आढळते. या गाड्यांचा शेतीशी संबंध जुना आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनीने विलिस जातीच्या जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाल्यावर विकास गटांच्या कामासाठी जीप हेच प्रमुख वाहन ठरले. त्या वेळी लातूर हा हैदराबाद राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. एवढ्या काळात शासकीय जीपगाड्या जुन्या होऊन लिलावात निघाल्या व त्यांतील काही शेतकऱ्यांच्या घरी आल्या. बियाणे, खताची पोती, फवारणीचे पंप आणि प्रसंगी दहा-बारा मजूर घेऊन त्या शेतरस्त्याने जाऊ लागल्या.

अशा गाडीचे इंजिन शेतकरी काळजीने पाहतो, कारण इंजिन बिघडले की गाडी चालत नाही. मागील ब्रेकचे मात्र तसे नाही. ब्रेक बिघडला तरी गाडी चालतेच, आणि म्हणूनच तो धोका अधिक. खंडेनवमीला चाकाला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते. परंतु त्याच चाकामागील ब्रेकचा ड्रम आठ-आठ, दहा-दहा वर्षे उघडलेला नसतो. याचे कारण आळस हेच असते असे नाही. ड्रम ज्या हबवर बसविलेला असतो तो हबच आसावरून हलत नाही. मेस्त्री दोन-चार घाव घालून पाहतो, मग म्हणतो की राहू द्या, पुढचे ब्रेक धरतात तेवढे पुरे. उतारावर, मागे भरलेला ट्रेलर असताना, ते पुरे पडत नाहीत.

हब शक्तीने निघत नाही म्हणून सोडून दिला जातो. वास्तविक तो शक्तीचा प्रश्न नसून जोर कोठे व कसा द्यावयाचा याचा आहे. योग्य साधन असल्यास दोन माणसे हे काम एका दिवसात, फार तर एक रात्र मध्ये जाऊ देऊन, पुरे करू शकतात.

प्रथम हब कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखावे

सर्वच जीपगाड्यांचे मागील हब सारखे नसतात. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीपच्या मागील हबच्या मध्यभागी आसाची वाटोळी चकती सहा बोल्टांनी आवळलेली दिसते. या रचनेत हब हा आसाच्या बाहेरील नळीवर बेअरिंगांच्या आधाराने फिरतो. सहा बोल्ट काढून आस बाहेर ओढला व आतील दोन नट सोडले की हब हाताने निघतो. तेथे पुलरचे काम नाही.

युद्धानंतर शेती व नागरी उपयोगासाठी निघालेल्या बहुतेक जीपगाड्यांत मात्र हबच्या मध्यभागी, पत्र्याच्या टोपीखाली, खाचा असलेला एक मोठा नट व त्यातून आरपार गेलेली पिन दिसते. आसाचे टोक येथे निमुळते केलेले असते व हबचे भोकही तसेच निमुळते असते. या दोहोंमध्ये एक पोलादी चावी बसविलेली असते. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. फोर्डच्या १९०८ ते १९२७ या काळातील प्रसिद्ध मॉडेल टी मोटारीतही मागील हब अशाच निमुळत्या आसावर चावी घालून बसवीत. हबच्या बाहेरील टोकाला आटे असत व त्यांवर टोपीऐवजी पुलर चढवून हब ओढीत. जुन्या मोटारी जतन करणारांपुढे जगभर आजही हीच अडचण उभी राहते.

एक गोष्ट आधी पाहून घ्यावी. काही गाड्यांत ब्रेकचा ड्रम हबवर तीन लहान स्क्रूंनी धरलेला असतो. ते स्क्रू निघून ड्रम वेगळा होत असेल तर केवळ ब्रेकच्या कामासाठी हब काढण्याची गरजच उरत नाही. मात्र आतील तेलसील गळत असेल, बेअरिंग आवाज करीत असेल किंवा ड्रम व हब एकजीव असतील तर हब काढल्यावाचून गत्यंतर नाही.

हब का अडकतो

कुदळीचे उदाहरण प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे. कुदळीच्या दांड्याचे एक टोक जाड असते. दांडा कुदळीतून ओवला की जाड टोकाशी ती आवळली जाते आणि काम करू तशी अधिकच घट्ट होते. तिला दांड्यापासून वेगळे करण्यासाठी आपण ती ओढीत बसत नाही. दांड्याचे बारीक टोक दगडावर नेमके आपटतो, आणि कुदळ खाली सुटते. निमुळत्या आसावरील हबची गोष्ट हीच आहे. नट आवळला की हब पाचरीप्रमाणे आसावर चढतो. चाकाला फिरविण्याचे मुख्य काम ही पकडच करते. चावी ही केवळ साहाय्यक असते. नट ढिला राहून पकड गेली की सगळा भार चावीवर येतो व ती कापली जाते.

त्यात गंजाची भर पडते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात हबवर बसलेला चिखल दसऱ्यापर्यंत आतून ओला राहतो. टोपी हरवलेली असेल तर पाणी सरळ नटावर व तेथून निमुळत्या सांध्यात झिरपते. लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आधीच आवळलेला सांधा आतून फुगून आणखी घट्ट होतो. दोन पावसाळे एका जागी उभी राहिलेली गाडी रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा अधिक त्रास देते, ती यामुळेच.

गाडी उचलण्यापूर्वी

या कामात जे अपघात होतात त्यांपैकी बरेच हब काढताना नव्हे, तर गाडी उचलताना होतात. म्हणून हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नये.

जुन्या जीपचा हातब्रेक मागील चाकांवर नसतो. तो गिअरपेटीच्या मागे, मागील बाजूस जाणाऱ्या शाफ्टवर असतो. तो शाफ्ट अडवून धरतो. दोन्ही मागील चाके जमिनीवर असताना त्यायोगे गाडी थांबून राहते. परंतु एक मागील चाक जमिनीपासून उचलले की मधल्या डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळेपणी उलट दिशेने फिरू शकते, आणि दुसरे चाक जमिनीवर असूनही गाडी पुढे-मागे सरकते. हातब्रेक ओढलेला असतो, गाडी गिअरमध्ये असते, तरीही ती जॅकवरून घसरते. खाली बसलेल्या माणसाला कारण समजत नाही. म्हणून पुढील दोन्ही चाकांना, पुढून व मागून, मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये.

जमीन सपाट व टणक असावी. काळ्या रानात जॅक ठेवावयाचा प्रसंग आलाच तर त्याखाली दीड-दोन फूट लांबीची जाड फळी घालावी. वरून कोरडी दिसणारी काळी जमीनही भार पडताच खचते. गाडी उचलल्यावर तिचा भार आसाच्या नळीखाली भक्कम लाकडी ठोकळ्यांवर घ्यावा. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीवर पुलरचे ठोके मारणे म्हणजे अपघातास निमंत्रण देणे होय. विटांचा थर लावू नये. ठोक्याने वीट फुटते.

मोठा नट मात्र गाडी उचलण्यापूर्वीच, चाक जमिनीवर असताना, ढिला करावा. प्रथम पिन काढावी. ती गंजून तुटली तर उरलेला तुकडा बारीक सुंभ्याने ठोकून बाहेर काढावा. तो तसाच ठेवून नट फिरविल्यास आसाचे आटे खरवडले जातात. या गाड्यांचे नट व बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. जवळपास बसतो म्हणून मिलिमीटरचा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात व पुढचे सर्व काम छिन्नीवर येते. तसेच अनेक जुन्या जीपगाड्यांत डाव्या बाजूच्या चाकाचे नट उलट्या आट्याचे असतात. डावीकडचा नट नेहमीच्या दिशेने सुटत नसल्यास जोर वाढविण्यापूर्वी बोल्टाच्या टोकाकडे पाहावे. हबमधील मोठा नट मात्र दोन्ही बाजूंना सरळ आट्याचाच असतो.

पुलर कसा असावा

बाजारात दोन किंवा तीन नख्यांचा पुलर सहज मिळतो. तो बेअरिंग काढण्यास उत्तम आहे, परंतु या कामी वापरू नये. त्याच्या नख्या ड्रमच्या कडेला धरतात. ड्रम हा बिडाचा किंवा पातळ घडणीचा असतो. त्याची कड एक तर तुटते नाही तर वाकते, आणि हब जागच्या जागी राहतो. जोर हबवरच, आणि तोही चाकाच्या पाच बोल्टांवर सारखा वाटून पडला पाहिजे.

लातूर, उदगीर, अहमदपूर किंवा निलंगा येथील लेथ असलेल्या कोणत्याही कारखान्यात असा पुलर करून घेता येतो. सुमारे २० मिमी जाडीच्या पोलादी पट्टीची वाटोळी चकती घ्यावी. तिला चाकाच्या बोल्टांप्रमाणे पाच भोके पाडावीत. जीपच्या पाच बोल्टांचे वर्तुळ साडेपाच इंच, म्हणजे सुमारे १४० मिमी व्यासाचे असते. तरी प्रत्यक्ष चाक नेऊन माप घेणे इष्ट, कारण एवढ्या वर्षांत कोणत्या गाडीला कोणता हब बसविला गेला असेल हे सांगता येत नाही. चकतीच्या मध्यभागी जाड नट चांगल्या वेल्डिंगने, आतील बाजूस, पक्का करावा व त्यातून २४ मिमी किंवा अधिक जाडीचा उत्तम पोलादाचा स्क्रू घ्यावा. नट आतील बाजूस असण्याचे कारण असे की जोर आला असता तो चकतीवर दाबला जावा. बाहेरच्या बाजूस लावल्यास सर्व जोर वेल्डिंगवर येतो. गावातील चार-पाच जीपमालकांनी मिळून असा एक पुलर करून ठेवला तर तो पिढ्यानपिढ्या पुरेल.

अशा साधनाची ताकद किती असते याची कल्पना पुढील हिशोबावरून येईल. २४ मिमीच्या स्क्रूला एक मीटर लांबीची दांडी लावून तिच्या टोकावर २० किलोचा जोर दिला, तर घर्षणात पुष्कळ जोर खर्च होऊनही आसाच्या टोकावर सुमारे चार टनांचा दाब येतो. तो शांतपणे, सतत व सरळ रेषेत असतो. घणाचा घाव याच्या उलट, क्षणभर व बहुधा तिरपा बसतो.

प्रत्यक्ष कृती

चाक काढल्यानंतर ब्रेकचे जोड ढिले करावेत. ब्रेकच्या पाठीमागील पत्र्यावर त्यांचे समायोजक बोल्ट असतात. ते फिरवून जोड आत घ्यावेत. जुना ड्रम आतून झिजलेला असतो व त्याच्या कडेला उंचवटा राहतो. जोड बाहेर पसरलेले असतील तर हब सुटल्यावरही ड्रम त्या उंचवट्यात अडकतो, आणि मेस्त्री समजतो की हब अजून धरून आहे.

हबभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशाने काढून सांध्याच्या दोन्ही तोंडांशी पातळ गंजनाशक तेल सोडावे. ते नसल्यास डिझेलमध्ये थोडे इंजिनतेल मिसळावे. बाहेरच्या बाजूस वॉशर काढल्यावर आस व हब यांच्यामधील रेघ व चावीची खाच स्पष्ट दिसते. तेल तेथेच पडावे. तेल ब्रेकच्या जोडांवर जाऊ नये म्हणून फडके लावावे.

आता वॉशर बाजूला ठेवून मोठा नट पुन्हा आसावर चढवावा. ही या संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाची खबरदारी आहे. नटाचे बाहेरचे तोंड आसाच्या टोकाशी समपातळीत येईल व त्याच्या आतील बाजूस हबपर्यंत चार-पाच मिमी मोकळी जागा राहील, असा तो ठेवावा. याचे दोन उपयोग आहेत. स्क्रूचा दाब येऊन आसाचे टोक फुगले तर आटे निकामी होत नाहीत. आणि हब सुटतो तेव्हा तो हळूहळू येत नाही. बंदुकीच्या बारासारखा आवाज करून एकदम उडतो. चाळीस-पन्नास पौंडांचा हब व ड्रम चार टनांच्या जोराने सुटला म्हणजे समोर बसलेल्या माणसाचे काय होईल हे सांगावयास नको. नट असला की हब पाच मिमी सरकून तेथेच थांबतो.

चकती पाचही बोल्टांवर बसवून नट सारखे आवळावेत. आसाचे टोक व स्क्रू यांच्यामध्ये पोलादाची लहान जाड टोपी किंवा पितळी तुकडा ठेवावा. मग स्क्रू आवळीत जावे. हाताला चांगला ताण जाणवू लागला की थांबावे व स्क्रूच्या डोक्यावर, आसाच्या अगदी सरळ रेषेत, दोन किलोच्या हातोड्याचा एकच स्वच्छ ठोका मारावा. पुन्हा पाव फेरा आवळावे, पुन्हा एक ठोका. या सर्व वेळी माणसाने बाजूला उभे राहावे. हबच्या समोर कोणी नसावे, लहान मुलांना तर अंगणातच येऊ देऊ नये.

पाच-सहा वेळा असे करूनही हब हलला नाही तर अधिक जोर लावू नये. स्क्रू ताणलेल्या स्थितीत ठेवून, सांध्यात पुन्हा तेल सोडून, रात्रभर तसेच राहू द्यावे. सतत राहिलेला ताण व तेल मिळून जे काम करतात ते दहा माणसांच्या बळाने होत नाही. पहाटे घरातील माणसे आवाजाने जागी होतात व हब सुटलेला आढळतो, असे पुष्कळदा घडते. मात्र ताण दिलेली गाडी रात्री उघड्यावर ठेवताना तिच्याजवळ गुरे बांधू नयेत.

उष्णतेचा उपयोग

तरीही हब सुटत नसल्यास उष्णता द्यावी. सुतार व लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितात ती तापवूनच. दीड मीटर व्यासाची धाव ३०० अंशांनी तापली की तिचा व्यास सुमारे पाच मिमीने वाढतो. ती चाकावर सहज बसते व पाणी टाकताच आवळते. हबच्या बाबतीत भोक लहान असल्याने वाढही लहान असते. ४० मिमीचे भोक १०० अंशांनी तापले तर ते सुमारे ०.०५ मिमीनेच मोठे होते. ही वाढ डोळ्यांना दिसत नाही, परंतु ताण दिलेला असताना एवढी सवलत पुरेशी असते. येथे वेळेला महत्त्व आहे. हब तापावा, आस तापू नये. म्हणून ज्योत आसाच्या टोकावर न धरता हबच्या जाड भागाभोवती सतत फिरती ठेवावी व दोन-तीन मिनिटांत ठोका मारावा. उशीर झाल्यास उष्णता आसात उतरते, दोन्ही सारखेच फुगतात व लाभ काही होत नाही.

हब लाल होईपर्यंत तापवू नये व तापलेल्या हबवर पाणी टाकू नये; धावेला जे चालते ते येथे चालत नाही. पोलाद ठिसूळ होऊन त्यास भेगा पडतात. उष्णतेने आतील तेलसील जळतो, तो नवा आणून ठेवूनच हे काम हाती घ्यावे. आधी सोडलेले तेल पुसून घ्यावे, पेट्रोलची टाकी झाकावी व वाळूची बादली जवळ ठेवावी.

जे करू नये

आसाच्या टोकावर सरळ घण मारण्याची पद्धत सर्वत्र आढळते. या गाड्यांत डाव्या व उजव्या आसाची आतील टोके डिफरन्शियलमध्ये एका ठोकळ्याशी येऊन भिडतात. बाहेर मारलेला घाव तेथपर्यंत पोहोचतो. बेअरिंगांच्या वाट्यांवर खळगे पडतात व पुढे हजार-दोन हजार किलोमीटरांत त्या घुमू लागतात. हब काढण्याच्या नादात गाडीचा सर्वांत महाग भाग बिघडतो. पुलरवर मारलेल्या ठोक्याचाही काही भाग आत जातोच, म्हणून ठोका एकेकच व ताणानंतरच मारावा.

मोठा नट दोन फेरे ढिला करून, पिन घालून, गाडी रिकाम्या मैदानात डावी-उजवी वळवीत चालवावी, म्हणजे हब आपोआप सुटतो, असा एक जुना उपाय ड्रायव्हर मंडळी सांगतात. तो निष्फळ नाही. परंतु ज्या गाडीचे ब्रेकच उघडावयाचे आहेत ती अशी चालविणे शहाणपणाचे नाही, आणि चावी कापली जाण्याची भीती असते ती वेगळीच. शेतकरी बंधूंनी हा उपाय टाळावा.

हब निघाल्यानंतर

ड्रम उघडल्यावर आतील काळी पूड तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नये. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲसबेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन वर्षानुवर्षांनी गंभीर रोग उत्पन्न होतात. ओल्या फडक्याने पूड पुसून ते फडके पुरून टाकावे.

हबच्या भोकातील चावीच्या खाचेचे कोपरे उजेडात नीट पाहावेत. भेग पडते ती येथूनच. भेग असलेला हब वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये. या रचनेत चाकाला दुसरा कोणताही आधार नाही. हब फुटला की चाक गाडी सोडून जाते. आसाचा निमुळता भाग बारीक पॉलिश कागदाने केवळ गंज जाईपर्यंत घासावा, कानशीने घासू नये. मग त्यावर शाईचा पातळ हात देऊन हब एकदा बसवावा व काढावा. भोकात शाई सर्वत्र लागली तर सांधा चांगला आहे. केवळ एका कडेला लागली तर हब किंवा आस झिजलेला आहे व तो बदलण्यावाचून उपाय नाही.

पुन्हा बसविताना निमुळता भाग स्वच्छ व कोरडा असावा. पुढल्या वेळी सहज निघावा म्हणून तेथे ग्रीस लावण्याचा मोह होतो. बैलगाडीच्या तुंब्यात वंगण घालावे लागते, कारण तेथे चाक आसावर फिरते. येथे हब आसावर फिरत नाही, त्याला धरून ठेवतो. वंगण लावल्यास तो नटाच्या जोराने गरजेपेक्षा पुढे चढतो व फाटण्याचा संभव असतो. वंगणाची जागा आतील बेअरिंगात आहे. चावी नवी घालावी.

मोठा नट किमान १५० फूट-पौंड, म्हणजे एक मीटर दांडीच्या टोकावर सुमारे २० किलोचा जोर येईल इतका आवळावा. पिनेचे भोक नटाच्या खाचेशी जुळत नसल्यास नट आणखी पुढे आवळून जुळवावे. मागे फिरवून जुळवू नये. पहिल्या ४०-५० किलोमीटरांनंतर पिन काढून नट पुन्हा तपासावा, कारण हब थोडा आत बसतो व नट ढिला पडतो. त्यानंतर नवी पिन घालून तिची दोन्ही टोके वाकवावीत व पत्र्याची टोपी बसवावी. टोपी हरवली असल्यास लोहाराकडून करून घ्यावी. तिची किंमत अल्प आहे, आणि पावसाळ्याचे पाणी पुन्हा सांध्यात जाऊ न देण्याचे काम तीच करते.